पर्याय ड

उत्तर चुकलं होतं, आणि तेही तिसऱ्यांदा. राएलने पुस्तकाची मागची पानं उलटून पुन्हा खात्री करून घेतली. प्रश्न सतरा, उत्तर ब. तिने खूण केली होती ड वर. मंगळवारी पहिल्यांदा केला तेव्हाही ड, काल केला तेव्हाही ड, आणि आज शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, बरोबर उत्तर ब आहे हे तोंडपाठ असताना, हात मेला पुन्हा ड कडेच गेला. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. उद्या सकाळी नऊला परीक्षा. साठ प्रश्न, साठ मिनिटं. एका प्रश्नावर तीन दिवस घालवणारी बाई कोर्टाची कार्यालयप्रमुख होणार कशी, असं तिने स्वतःलाच विचारलं, आणि चहाचा थंड झालेला कप बाजूला सारून प्रश्न चौथ्यांदा वाचायला घेतला.

प्रश्न असा होता. एका पाहणीत बायकांचे दोन गट घेतले. एका गटातल्या बायका तरुणपणी दहा-दहा वर्षं लांब पल्ल्याचं धावलेल्या, दुसऱ्या गटातल्या कधीच न धावलेल्या. नोंदीप्रमाणे दोन्ही गटांची वयं सारखीच. तपासणाऱ्यांना धावलेल्या बायकांची कातडी, सांधे, केस जास्त म्हातारे दिसले. यावरून निष्कर्ष काढला, की खडतर व्यायामाने माणूस लवकर म्हातारा होतो. खालीलपैकी कोणतं विधान या निष्कर्षाला सगळ्यांत जास्त धक्का देतं? ब म्हणत होता, धावलेल्या बायका लहानपणापासून उन्हातान्हात शेतात राबत आल्या होत्या, दुसऱ्या नव्हत्या. ड म्हणत होता, दोन्ही गटांतल्या काही बायकांची नोंदलेली वयं चुकीची असू शकतात. आणि मागे स्पष्टीकरणात लिहिलं होतं : ‘ड हे आमिष आहे. नोंदीतली चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडते, म्हणून निष्कर्षाला धक्का लागत नाही. घाईत असलेले उमेदवार इथे फसतात.’ राएल घाईत नव्हती. दोन्ही बाजूंना सारखीच पडते, हे वाक्य मात्र दातात अडकलेल्या मक्याच्या सालपटासारखं तिला तीन दिवस छळत होतं. कोणी लिहिलं असेल हे? कुठल्या गावात राहत असेल तो? धावणाऱ्यांच्या या एल्डोरेटमध्ये नक्कीच नाही.

“काय मॅडम, गाडी सतरावरच अडलीय का अजून?” मुकोयासाहेबांनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं. डिसेंबरात निवृत्त होणारे मुकोयासाहेब हे या कार्यालयाचे प्रमुख, आणि प्रतिज्ञापत्रांवर शपथ देऊन शिक्का मारण्याचा अधिकारही त्यांचाच. पुस्तक त्यांनीच आणून दिलं होतं. आपल्या खुर्चीत हिनेच बसावं हा त्यांचा हट्ट. “तुम्हा धावणाऱ्या लोकांचं हेच. पाय पुढे, डोकं मागे.”

“साहेब, ड का नाही ते सांगा ना मला.”

“कारण पुस्तकात ब लिहिलंय.”

“पण वयं खोटी असतील तर?”

“असतील तर असतील हो! इकडची चार खोटी, तिकडची चार खोटी. हिशेब फिटला. अहो, परीक्षेत जगाची काळजी वाहायची नसते. दिलेलं खरं धरायचं आणि पुढे जायचं. वकील काय वेगळं करतात?” स्वतःच्या विनोदावर ते पोट हलवून हसले आणि चहाबरोबरच्या तळलेल्या मंदाझीचा तुकडा तोंडात टाकून बाहेर गेले.

दिलेलं खरं धरायचं. सव्वीस वर्षं तिने तेच तर केलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजता धाकटी बहीण येणार होती. परवा फोनवर तिने तसं सांगितलं होतं, आवाज न चढवता, नर्सरीतल्या पोरांना पुस्तक उघडा म्हणावं तसं. “ताई, सोमवार शेवटचा दिवस आहे अर्जाचा. काउंटी सरकार आम्हाला कायम करतंय. एकोणीस वर्षं झाली मला शिकवायला, तुला माहितेय. वयाची अट पंचेचाळीस. कागदावर मी सत्तेचाळीसची आहे.” राएल म्हणाली होती, “बघते काहीतरी.” धाकटी म्हणाली, “बघू नकोस, ताई. तू बघते म्हणालीस की वर्ष जातं. मला तुझं काही नको. नाव राहू दे तुझ्याकडे. माझी चार वर्षं तेवढी दे.” फोनमध्ये मागे कुठेतरी पोरं एका सुरात एक ते वीस म्हणत होती. आपली चार वर्षं परत दे. एखादीने उसनी नेलेली कढई मागावी तसं मागितलं तिने. आणि कढई असती तर राएलने घासून-पुसून दिलीही असती.

कारण नाव तिचं नव्हतंच. राएल जेबिवोत हे नाव धाकटीचं. हिचं स्वतःचं नाव एस्थर जेमेली. देशाचे म्हातारे अध्यक्ष वारले त्याच्या आदल्या साली जन्मलेली. धाकटी दुष्काळात वाटलेल्या पिवळ्या मक्याच्या सालची, म्हणजे चार वर्षांनी लहान. ही जेमेली एकविसाव्या वर्षी गावच्या लाल रस्त्यावर अशी धावायची, की कोच सुगुट सायकलवरून उतरून बघत उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी ते घरी आले, आणि दुधाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, “मुलगी सोनं आहे. पण दोन वर्षं उशीर झालाय. मोठ्यांच्या शर्यतीत हिच्यासारख्या पन्नास आहेत. कुमारींच्यात, विशीच्या आतल्यांत घातली तर थेट परदेश.” बापाने पत्र्याची पेटी उघडली. त्यात दोन जन्मदाखले होते, एकावर एक, रबर लावून. “कागद काय, घरातल्या घरातच फिरतोय,” कोच म्हणाले. “गावात कोणाला विचारा, धावणाऱ्यांपैकी अर्ध्यांची वयं धुतल्यावर आटलीत.” सगळे हसले. आई म्हणाली, “आणि धाकटीचं?” बाप म्हणाला, “धाकटीला काय करायचाय कागद? ती कुठे पळायला चाललीय?” धाकटी दारात बसून शेंगा सोलत होती. तिला कोणी विचारलं नाही. हे राएलला आज इतक्या वर्षांनी, या टेबलाशी, एकदम टोचलं. शेंगांचा तो कटकट आवाजही आठवला, आणि त्या आवाजात मधे खंड पडला होता की नव्हता, हे मात्र काही केल्या आठवेना. तिने डोळे मिटून पाहिलं. नाही आठवलं. ती तेव्हा आपल्या बुटांचा विचार करत होती. कोच बूट देणार होते.

युरोपातल्या कुठल्याशा गावात, चिखलात, तिसरी आली ती. सतरा वर्षांची राएल जेबिवोत. परत आली तेव्हा विमानतळावर आंबवलेल्या दुधाचा भोपळा तोंडाला लावला गेला, गळ्यात पानं, आणि सगळं गाव ओरडत होतं, राएल, राएल! गर्दीच्या कडेला उभी असलेली धाकटी दर हाकेला वळून बघत होती. सवयच ती, सतरा वर्षं त्या हाकेला ओ दिलेली. मग हळूहळू तिने वळणं सोडलं. पुढच्या वर्षी ओळखपत्र काढायला गेली तर कारकून म्हणाला, “राएल जेबिवोतचं कार्ड तर निघालंय, पेपरात फोटो आलाय तिचा. तू कोण?” तेव्हा बापाने पेटीतला दुसरा कागद काढून दिला. धाकटी एका दुपारीत चार वर्षांनी मोठी झाली. सासरच्यांनी मुलगी थोराड आहे म्हणून नाक मुरडलं. शाळेतली पोरं तिला एस्थरबाई म्हणतात, नवरा एस्थर म्हणतो. आई जाईपर्यंत एकटी आईच दोघींना जुन्या नावांनी हाक मारायची, आणि दोघीही चुकीच्या वेळी ओ द्यायच्या. आई गेल्याला आता तीन वर्षं झाली, बाप तर त्याच्याही आधी. कोण आधी जन्मली हे छातीवर हात ठेवून सांगणारं या जगात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या मानेखालून ती ऊब वर आली. छातीपासून कानापर्यंत, भट्टीचं दार कोणीतरी उघडावं तशी. एल्डोरेटच्या थंडीत तिने स्वेटर काढला, खिडकी उघडली, आणि कागदाने वारा घेत उभी राहिली. गेल्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टर मुलगी तिच्या फायलीकडे बघून म्हणाली होती, “त्रेचाळीस म्हणजे पाळी जायचं जरा लवकरच सुरू झालं हो तुम्हाला. चाचण्या करून घेऊया, काही बिघाड नाही ना बघू.” राएलने चाचण्या करून घेतल्या. बिघाड नाही निघाला. निघणार कसा? सत्तेचाळीसला सुरू झालं होतं, ज्या वेळी व्हायचं त्या वेळी. गुडघ्यांचंही तसंच झालं होतं. कागदावर बाविसाव्या वर्षी गुडघे गेले, तेव्हा संघाचे डॉक्टर एक्स-रेची फिल्म उजेडात धरून म्हणाले होते, “बाविशीत असे गुडघे? काय गं, जन्माला आल्यापासून धावतेस की काय?” शर्यती संपल्या. पदकामुळे कोर्टाच्या खात्यात लागलेली नोकरी तेवढी राहिली. कार्यालयातल्या मुली मागून बोलतात तेही तिच्या कानावर आलं होतं : धावून धावून वाळली बिचारी, पन्नाशीची दिसते. त्याच मुलींनी गेल्या नाताळात धाकटीला पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “मॅडम, तुमची थोरली बहीण काय छान राहिलीय हो! कधी धावल्या नाहीत ना त्या? म्हणूनच!” राएल हसली होती. दुसरं काय करणार? पाहणी अशीच होत असते. दोन बायका शेजारी उभ्या केल्या, कागद बघितला, चेहरे बघितले, की झाला निष्कर्ष. आणि चूक कुठे सारखी पडली होती? एकीच्या अंगावरून चार वर्षं काढली ती दुसरीच्या अंगावर टाकली. एकीला पदक, नोकरी, शहर. दुसरीला पत्र्याच्या चर्चमधल्या शाळेतली चाळीस पोरं आणि आता अर्जात न बसणारं वय. पुस्तक लिहिणाऱ्याला हे कोणी सांगावं?

तिला भीती वाटत होती. हे तिने आतापर्यंत दुसऱ्या कुठल्या कुठल्या नावांखाली दडवलं होतं, परीक्षेचा ताण म्हण, उकाडा म्हण. पण खरं बघता ती साधी भीती होती. ‘मी थोरली’ असं एकदा शपथेवर लिहून दिलं, की नोकरीचा अर्ज खोटा, पदक खोटं, बढतीची परीक्षा तर बाजूलाच राहिली. चौकशी लागणार. मुकोयासाहेबांची खुर्ची सोडा, आहे ते टेबल राहील की नाही याचा भरवसा नाही. लोकांची वयाची प्रतिज्ञापत्रं याच टेबलावर ती रोज टाइप करायची, कोणाचं साल चुकलं, कोणाचं स्पेलिंग, समोरच्याला दटावून सांगायची, “बाबा, खोटं लिहाल तर तुरुंग आहे, मी सांगून ठेवते.” चोराच्या मनात चांदणं. सांगताना दर वेळी जीभ जरा जड व्हायची आणि दर वेळी ती आवाज थोडा चढवायची.

आणि मग दीड वाजता, खिडकीशी वारा घेता घेता, तिला ते सुचलं. इतकं सोपं, की आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. धाकटीचं साल दुरुस्त करायचं, आपलं तसंच ठेवायचं. दोघीही पिवळ्या मक्याच्या सालच्या. जुळ्या! ‘एस्थर जेमेली व मी एकाच दिवशी जन्मलो असून नोंद करताना तिचे वर्ष चुकीने लिहिले गेले.’ तीन ओळींचं काम. धाकटीला तिची वर्षं मिळाली, आपलं काही गेलं नाही, कोणाचंच काही गेलं नाही. साप मरे आणि काठीही न मोडे. बोटं धावायला लागली. तिने ते टाइप केलं, छापलं, गरम कागद हातात घेतला. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं. बसता बसता तिने पुस्तकही ओढलं, सतराव्या प्रश्नावर ब ची खूण केली, आणि अठरावा सुरू केला. तो तर पोरखेळ निघाला.

दोनला पाच कमी असताना धाकटी आली. बुटांना लाल माती, अंगात चर्चला घालायचा निळा कोट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले कागद. राएलने तिला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, शेजारी आपण बसली. धाकटीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. “वाळलीस गं. जेवतेस ना नीट?” आणि पिशवीतून उकडलेल्या मक्याचं पुडकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. राएलने तिच्या हातात कागद दिला. धाकटीने तो ओळीखाली बोट धरून वाचला, पोरांना शिकवून शिकवून तीच सवय लागलेली. एका जागी बोट थांबलं.

“जुळ्या?”

“नुसतं कागदावर. तुझं काम झालं, बघ. सोमवारी अर्ज भर. कोणाला कळतंय?”

“गावात कळेल ना.” धाकटी हसायला लागली, खरोखर हसायला लागली, कोटाच्या बाहीने डोळे पुसत. “अगं, जुळी झालेल्या बाईला आपल्यात गोठ्याची पायरी चढू देत नाहीत. आणि आपली आई? गोठ्यातून जेवायला बोलवावं लागायचं तिला. प्रत्येक गाईशी वेगळं भांडण. मेल्यावर तिला गोठ्याबाहेर काढलंस की गं तू!”

“हल्ली कोण पाळतं ते?”

“म्हाताऱ्या पाळतात. जाऊ दे.” तिने कागद पुन्हा वाचला. या खेपेला हसू उतरलं. राएलला वाटलं, आता ही चिडेल, आता सव्वीस वर्षांचं सगळं एकदम काढेल, आणि ती मनातल्या मनात तयार होऊन बसली; उत्तरं जुळवली, बापाने केलं, कोचने केलं, मला तरी कुठे कळत होतं. पण धाकटीने कागदाची घडी घातली, सारखी केली, आणि मोठ्या प्रामाणिकपणे, शाळेतल्या पोराने शंका विचारावी तसं विचारलं, “चालेल मला हेही. तुला असंच हवं असेल तर चालेल. पण मग ताई कोणाला म्हणू मी?”

व्हरांड्यातून एक वकील घाईने गेला, कोणीतरी आतून कोणाचं तरी नाव पुकारलं. ही बाई कागदावर चार वर्षांनी थोरली होती. सासरी थोरली, शाळेच्या रजिस्टरात थोरली, दवाखान्यात थोरली. आणि सव्वीस वर्षांत एकदाही, फोनवर, भांडणात, आईच्या मातीला, एकदाही तिने हिला दुसरी कुठली हाक मारली नव्हती. नाव दिलं, वय दिलं, तेवढं एक द्यायचं राहिलं होतं, आणि आज आपण तेही मागत होतो. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी, की ती ऊब पुन्हा चढली आणि या वेळी ती दवाखान्यातली नव्हती. तिने धाकटीच्या हातातून कागद काढून घेतला. “थांब इथेच,” ती म्हणाली. “मका खाऊ नकोस एकटी.”

आत येऊन तिने नवा कागद टाइप केला. वेळ लागला. ‘मी’ नंतरचं नाव लिहिताना तिची बोटं अडली. सव्वीस वर्षांत ते तिने स्वतःचं म्हणून कुठे लिहिलंच नव्हतं. जन्मसाल, धाकटीचं जन्मसाल, दाखले कोणी, कधी, कशासाठी बदलले. शर्यतीचं नाव. नोकरीचा अर्ज. काही म्हणजे काही सोडलं नाही. मग धाकटीला हाताला धरून आत आणलं, आणि दोघी मुकोयासाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी शिक्का घ्यायला हात पुढे केला, सवयीने कागदावरून नजर फिरवली, आणि हात तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढला.

“मॅडम, उद्या परीक्षा आहे तुमची.”

“हो साहेब.”

“हे सोमवारी केलं तर? सकाळी पहिलंच करू. मी स्वतः करतो.”

“सोमवारी माझं धैर्य असेल की नाही सांगता येत नाही, साहेब.”

“याच्यावर एकदा शिक्का पडला, की मला तो पुसता येत नाही हो.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुम्हाला मी काय सांगतोय, तुम्हीच सांगता रोज लोकांना.”

“म्हणून तर.”

मग त्यांनी खुर्ची मागे सारली आणि शपथ देताना उभं राहतात तसे उभे राहिले. बायबल पुढे केलं. राएलने त्यावर हात ठेवला. ते रोजच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत होते, पण रोजचा आवाज काही लागेना.

“शपथ घेणाऱ्याचं नाव?”

“एस्थर जेमेली,” ती म्हणाली. शेजारी धाकटीनेही सवयीने ओ द्यायला तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.